मोकळ्या हातांचा माणूस

नव्या साहेबांनी फळ्याच्या खुंटीवरून पितळी बिल्ला काढला, अंगठ्याने पुसला आणि उजेडात धरून त्यावरचा आकडा वाचला.

"हा माणूस कुठे असतो?"

ताईच्या कानाला फोन होता. पलीकडून कुठल्याशा इमारतीतले एक गृहस्थ लिफ्टमधल्या पंख्याबद्दल तावातावाने बोलत होते. तिने त्यांना दुपारपर्यंत माणूस पाठवायचं कबूल केलं, फोन ठेवला आणि मग खिडकीकडे बोट दाखवलं.

"तिथे. बसलाय."

खिडकीखालच्या बाकावर तिचा थोरला भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. पुढ्यात ना हत्यारांची पेटी, ना वर्तमानपत्र, ना चहाचा कप. साहेब आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो उठून उभा राहिला. एरवी त्याचं काम बसण्याचंच होतं.

कंपनी लिफ्टच्या देखभालीची. शहरातल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या लिफ्ट तिच्याकडे होत्या. तक्रारीचे फोन ताई घ्यायची आणि कोणी कुठे जायचं तेही तीच ठरवायची. कामावर निघालेला मेकॅनिक आपला बिल्ला खुंटीवरून काढून तिच्या टेबलावर ठेवायचा, म्हणजे फळ्याकडे बघितलं की हाताशी कोण आहे ते कळायचं. कंपनी ज्यांनी उभी केली त्यांना सगळे थोरले म्हणत, आणि थोरल्यांचा नियम असा की फळ्यावर एक बिल्ला कायम लटकत राहिला पाहिजे. एक माणूस मोकळ्या हातांचा. त्याला टपालाला पाठवायचं नाही, गोदामात राबवायचं नाही, चहा सांगायलासुद्धा पिटाळायचं नाही. हातात काही असलं की माणूस म्हणतो, एवढं उरकतो आणि निघतो. आत अडकलेल्याकडे तेवढाच वेळ नसतो, असं थोरल्यांचं म्हणणं. एकट्या मेकॅनिकला रोजची साफसफाई जमते, तेलपाणी जमतं, पण लिफ्टमध्ये कुणी अडकलं की ते काम दोघांचं. एकाने वर मोटरच्या खोलीत वीज बंद करून बटणाशी उभं राहायचं, दुसऱ्याने खाली दार उघडायचं. तो वरचा माणूस म्हणजे हा बाकावरचा.

दादाचे गुडघे शाफ्टमधल्या, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीतल्या लोखंडी शिड्यांनी खाल्ले होते. जिने तो अजून चढायचा, शिडी मात्र सुटली होती. तेव्हापासून बाकावरची जागा त्याची झाली. बाकीचे मेकॅनिक त्याला महाराज म्हणत. "महाराज सिंहासनावर आहेत का?" असं फोनवरून विचारत. दादा हसायचा. पण ताईने फोन उचलला की त्याचे कान टवकारलेले असत, आणि तिच्या आवाजात जरा फरक पडला की ती काही सांगायच्या आत तो उठून चपला घालत असे.

साहेबांनी बिल्ला परत खुंटीवर अडकवला आणि ताईला आपल्या खोलीत बोलावलं.

साहेब वाईट नव्हते. थोरले गेल्यावर मुलांनी धंदा एका मोठ्या कंपनीला विकला होता आणि त्या कंपनीने ह्यांना पाठवलं होतं. आवाज कधी चढायचा नाही, बाईमाणसाला बसा म्हटल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत. त्यांच्या बोलण्यात खोटंही काही नव्हतं. गिऱ्हाइकं सोडून चालली होती, दुसरे लोक ह्याच कामाचे कमी पैसे घेत होते. आणि थोरल्यांच्या काळात लाड थोडे झाले होते काय? त्यांचे दोन मेहुणे वर्षानुवर्षं पगार घेऊन नुसते पान खात बसलेले ताईने पाहिले होते. गोदामात अशा लिफ्टचे सुटे भाग पडून होते की ज्या लिफ्टच आता उरल्या नव्हत्या. त्या मेहुण्यांना साहेबांनी पहिल्याच महिन्यात घरी पाठवलं, तेव्हा ताईला मनातून बरंच वाटलं होतं. गोदाम भंगारवाल्याला विकलं तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

"मॅडम, एक माणूस दिवसभर बसून असतो. पगार पूर्ण. मी वर काय सांगू?"

"अडचणीला लागतो, साहेब."

"रोज लागतो?"

"रोज नाही."

"मग ज्या दिवशी लागत नाही, त्या दिवशी आपण कशाचे पैसे देतो?"

ताईला उत्तर येत होतं, पण ते थोरल्यांच्या शब्दांत येत होतं, आणि ते शब्द ह्या काचेच्या टेबलावर ठेवायला तिचा जीव धजेना. साहेबांनी तिच्यासमोर संगणकाचा पडदा वळवला. प्रत्येक मेकॅनिकच्या नावापुढे एक पट्टी होती, दिवसातला किती वेळ कामात गेला ती. बाकीच्यांच्या पट्ट्या हिरव्या, कुठे पिवळ्या. दादाची पट्टी जवळजवळ नव्हतीच, डाव्या कडेला नखाएवढी लाल रेघ.

"तुमचे भाऊ आहेत, मला माहीत आहे. म्हणून घाई करत नाही. थोडे दिवस बघू. कामात दिसले तर राहतील."

ती बाहेर आली तेव्हा दादा पुन्हा बाकावर बसला होता. काय म्हणाले, असं त्याने विचारलं नाही. त्याच्या पगाराची घराला गरज होती. ताईचा नवरा गेल्यावर दादा आपली खोली सोडून तिच्याकडे राहायला आला होता, आणि दोघांच्या पगारात तिच्या मुलीचं कॉलेज चाललं होतं. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनिशी, त्याला दुसरीकडे दाराशीही कुणी उभं केलं नसतं. कामात दिसले तर राहतील, हे शब्द तिच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिले. आणि संध्याकाळी घरी जाताना तिला वाटलं, दिसायलाच तर पाहिजे ना? मग दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला हाक मारली.

"दादा, त्या कापडाच्या मोठ्या दुकानाची लिफ्ट बघून ये."

"काय झालंय तिला?"

"काही नाही. आवाज करते का, ऐकून ये."

दादा चपला घालता घालता थांबला.

"कुणी बोलावलंय?"

"मी पाठवतेय."

त्याने खुंटीवरचा बिल्ला काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला. कुणी अडकलेलं नसताना फळा पहिल्यांदाच पूर्ण रिकामा झाला. ताईने ते पाहिलं आणि फोनकडे वळली.

मग ते रोजचंच झालं. ज्या लिफ्टला काही झालेलं नाही तिची दारं पुसायला, जिचं तेलपाणी परवाच झालंय तिच्या दोऱ्या बघायला, शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दादा जाऊ लागला. गिऱ्हाइकाची सही लागू नये म्हणून ती मुद्दाम अशी ठिकाणं निवडायची, जिथे मागच्या जिन्याने थेट मोटरच्या खोलीत जाता येईल आणि कुणी विचारणार नाही. मोकळा वेळ दिसायचा तिथे काम कोंबायचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं लोक उगीच म्हणत नाहीत. फक्त इथे तुंबड्या लावायला लावणारी ती होती.

"ताई," एकदा रात्री जेवताना दादा म्हणाला, "मी तिकडे भिंतीला कान लावून बसतो, आणि इथे फोन वाजला तर?"

"आणि तू बसलेला दिसलास तर?"

"ते खरं," तो म्हणाला आणि ताटातलं संपवून उठला.

दादाची पट्टी आधी पिवळी झाली, मग हिरवी. साहेबांनी सगळ्यांसमोर ताईचं नाव घेतलं. म्हणाले, माणसं तीच, पगार तोच, पण काम बघा किती वाढलं. ह्याला म्हणतात नियोजन. कंपनीच्या दुसऱ्या शहरांतल्या शाखांतून फोन आले, तुम्ही हे कसं जमवलंत? ताईने सांगितलं, थोडं लक्ष घातलं की जमतं. कौतुक कुणाला आवडत नाही? त्या दिवसांत ती फळ्याकडे बघेनाशी झाली होती. इमारतींत लोक अडकायचे, मग जवळच्या एखाद्या मेकॅनिकला हातातलं काम टाकून पळवायचं, त्याचं काम तिसऱ्याच्या गळ्यात घालायचं. सगळं निभावत होतं. निभावतंय म्हणजे बरं चाललंय, असा तिचा समज झाला.

तो फोन आला तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं आणि कार्यालयात ती एकटी होती.

बोलणारी बाई रडत होती. तिची आई लिफ्टमध्ये अडकली होती, दोन मजल्यांच्या मध्ये. आईला दमा होता. औषधाचा पंप वर घरात राहिला होता. ताईने पत्ता लिहून घेतला आणि सगळ्यात जवळ कोण आहे ते पाहिलं. गवई होता. त्याचं गाणं काही कुणी ऐकण्यासारखं नव्हतं, पण शाफ्टमध्ये उतरला की तो सतत गुणगुणायचा, म्हणून नाव पडलं होतं. तो लगेच निघाला. मग तिने दुसरा माणूस बघितला. एक जण शाफ्टच्या तळाशी होता, फोन लागत नव्हता. एक जण गावाबाहेर. बाकीचे सगळे कुठे ना कुठे हात गुंतवून. दादा कापडाच्या दुकानाच्या गच्चीवर, तिनेच पाठवलेला, चांगल्या चालणाऱ्या लिफ्टचा आवाज ऐकत.

"दादा, निघ. आत्ताच्या आत्ता."

"निघालो," तो म्हणाला आणि पुढचा प्रश्न त्याने चालता चालता विचारला.

पण तिथून ती इमारत म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. आणि ती इमारत कार्यालयापासून किती लांब? हाकेच्या अंतरावर. बाकावरून उठला असता तर दादा गवईच्या आधी पोचला असता. हे ताईला त्याच वेळी कळलं. नंतर कळलं असतं तर तिने निदान स्वतःची समजूत काढली असती.

गवईचा फोन आला.

"ताई, दुसरा माणूस?"

"येतोय."

"कुठवर आलाय?"

"येतोय रे."

मागे कुणीतरी ओरडत होतं. दारावर हात आपटल्याचा आवाज येत होता.

"म्हातारीचा श्वास लागलाय, ताई. मी वरचं बटण बंद करून येतो, हाताने केबिन मजल्याला आणतो आणि दार उघडतो. करू का?"

एकट्याने हे करायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ताईच्या कानात म्हातारीच्या मुलीचं रडणं होतं आणि शहर ओलांडत येणारा आपला भाऊ होता.

"सांभाळून," ती म्हणाली.

त्या कंपनीत सांभाळून म्हणजे हो. हे सगळ्यांना माहीत होतं.

गवईने सांगितल्याप्रमाणे सगळं नीट केलं. बटण बंद केलं, चाक फिरवून केबिन आणली, खाली येऊन दार उघडलं, म्हातारीला उचलून तिच्या मुलीच्या हवाली केलं. तिची चप्पल आत राहिली होती, ती काढायला तो वाकला. तेवढ्यात इमारतीचा रखवालदार, लिफ्टमध्ये उजेड नाही म्हणून, भल्या हेतूने वर गेला आणि बटण चालू करून आला. तिथे उभं राहून त्याचा हात धरायला कुणी नव्हतं. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून एक खटका असतो, तो त्या जुन्या लिफ्टचा झिजलेला होता. तसा जुना खटका गोदामात असायचा, तो भंगारात गेला होता. लिफ्ट वर निघाली. गवईचा उजवा हात कोपराखाली राहिला नाही.

म्हातारी वाचली. दादा पोचला तेव्हा गवईला घेऊन गेले होते आणि रखवालदार जिन्यावर डोकं धरून बसला होता.

चौकशी लागली तेव्हा कंपनीच्या वकिलांनी आधीच एक मुद्दा काढून ठेवला होता, आणि तो ताईच्या कानावर आला. नियम दोन माणसांचा आहे. गवईने एकट्याने दार उघडलं. म्हणजे नियम त्याने मोडला, तेव्हा जे झालं ते त्याच्या जबाबदारीवर. उपचाराचा खर्च माणुसकीच्या नात्याने थोडाफार देऊ, बाकी काही नाही. एक हात गेलेला लिफ्टचा मेकॅनिक, दोन लहान मुली, आणि वर खापर त्याच्याच डोक्यावर.

ताई रुग्णालयात जाऊन आली होती. गवई झोपेत होता. त्याची बायको म्हणाली, "ते फोन केल्याशिवाय असं काही करायचे नाहीत, ताई. तुम्हाला केला होता ना?" ताईने हो म्हणून मान हलवली. बायकोने तिचा हात धरला, आणि तो हात सोडवून घेताना ताईला स्वतःची इतकी किळस आली की ती जिन्यात थांबून रडली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ताईने दार लोटून घेतलं.

"उद्या मी सगळं सांगणार. तुला मी कुठे पाठवत होते, कशासाठी पाठवत होते, सगळं."

"बरं."

"माझी नोकरी जाईल. तुझीही जाईल."

"जाईल," दादा म्हणाला. त्याने तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "जेव आधी. तोंड बघ कसं झालंय."

तो आणखी काही म्हणेल म्हणून ती थांबली. तो उठला, भिंतीला धरून आत गेला आणि भाचीला म्हणाला, दिवा जवळ घे, डोळे फुटतील.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला साहेब आणि वकील, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीचा माणूस. गवईची बायको भिंतीलगतच्या खुर्चीत अगदी कडेला बसली होती. ताई आणि दादा शेजारी शेजारी. वकिलांनी नियम वाचून दाखवला. मग विचारलं, दुसरा माणूस नेमला होता का?

ताईने समोरचा पेला उचलला. पाण्याचा घोट घ्यायचा आणि बोलायचं, असं तिने ठरवलं होतं.

"नेमला होता," दादा म्हणाला. "मला नेमलं होतं."

सगळे त्याच्याकडे वळले. तो उभा राहिला.

"ताईचा फोन आला होता मला. निघ म्हणाली. मी निघालो म्हणालो आणि निघालो नाही. गुडघा दुखत होता. बागेतल्या बाकावर आडवा झालो होतो, तसाच राहिलो. पोचलो ते सगळं झाल्यावर."

"पण त्या वेळी तुम्ही कापडाच्या दुकानात कामावर होतात, अशी नोंद आहे."

"ती मी सांगितली म्हणून झाली. मी दुकानात गेलोच नव्हतो. बरेच दिवस कुठेच जात नव्हतो. निघायचो आणि बागेत बसायचो."

"दादा," ताई म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांनी समोरचे कागद चाळले आणि हळू आवाजात वकिलांना सांगितलं, की दुकानात विचारलं होतं, त्यांनी कुणाला बोलावलंच नव्हतं आणि कुणाला पाहिलंही नव्हतं. इतरही ठिकाणी तेच. वकिलांनी चष्मा काढून पुसला. विमा कंपनीचा माणूस म्हणाला, मग प्रश्नच मिटला. दुसरा माणूस दिलेला होता, तो वेळेवर आला नाही, ही चूक कंपनीच्या माणसाची. जखमी माणसाने मदत मागितली होती. त्याचे पूर्ण पैसे द्यावे लागतील.

गवईची बायको खुर्चीतून उठली. तिला आधी नीट समजलं नसावं. समजलं तेव्हा ती दादासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला ते दादा म्हणायचे," ती म्हणाली. "बाकीचे महाराज म्हणायचे, पण ते दादा म्हणायचे."

दादाने मान खाली घातली. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तेवढंच बोलून ती खोलीबाहेर गेली. ताईच्या हातात पेला तसाच होता. आत्ता बोल, आत्ता बोल, असं ती स्वतःला म्हणत होती, आणि दुसरीकडे तिला दिसत होतं की गवईचं काम झालंय, मुलीचं कॉलेज वाचलंय, आणि घरात एकच पगार राहायचा असेल तर कुणाचा राहावा हा हिशेब दादाने काल तेल चोळतानाच केला होता. ती बोलली नाही. कागदांवर सह्या झाल्या. दादाने आपला बिल्ला खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि तो बाहेर गेला.

साहेबांनी ताईला थांबवून घेतलं. बाकीचे गेल्यावर त्यांनी दार लावलं.

"मॅडम, मला तुमचं कौतुक वाटतं. सख्खा भाऊ असूनही तुम्ही मध्ये पडला नाहीत."

ताईने हातातला पेला टेबलावर ठेवला.

"तुम्हालाही फसवलं त्यांनी. वाईट वाटतं, पण एका दृष्टीने बरं झालं, हे कळलं ते. मला पहिल्या दिवसापासून शंका होती. मोकळा माणूस अडीअडचणीला लागतो, असं तुम्ही म्हणाला होतात. लागला का? ऐन वेळी बागेत झोपलेला." त्यांनी एक कागद तिच्याकडे सरकवला. "इतर शहरांतल्या शाखांतही अशी एक तरी राखीव जागा आहे. सगळीकडच्या बंद करायच्या, असं मी वर लिहितोय. कारण म्हणून आपलंच उदाहरण दिलंय."

तिने कागद वाचला नाही. पण तो समोर पडला होता, आणि त्या शाखांमधले बाक तिला दिसू लागले. कुठे कुणाचे गुडघे गेलेले, कुठे कुणाचे डोळे. आणि त्यांच्या शहरांतल्या जुन्या लिफ्ट.

"साहेब, तो बागेत नव्हता."

"म्हणजे?"

"तो दुकानाच्या गच्चीवर होता. मी पाठवलं होतं. ती सगळी कामं मी काढलेली, कुणी बोलावलेलं नव्हतं. बसलेला दिसू नये म्हणून मी त्याला रोज कुठेतरी पाठवत होते. त्या दिवशी तो बाकावर असता, तर गवईच्या आधी पोचला असता. गवईला हो सुद्धा मीच म्हटलं." ती धापा टाकत होती. "त्याने आत्ता सांगितलं ते सगळं खोटं आहे. माझ्यासाठी बोलला तो."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. ती थांबली तेव्हा त्यांनी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

"घ्या. घोटभर घ्या."

तिने घेतलं.

"माझा भाऊ असता ना, मॅडम, तर त्याला वाचवायला मीही हेच केलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही इथे बोललात ते इथेच राहील. कुणाला कळणार नाही, काळजी करू नका. दोन दिवस सुट्टी घ्या हवी तर."

"मी खरं सांगतेय."

"हो," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा इतका कनवाळू होता की तिला पुढे काही बोलताच येईना. त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला, खाली सही केली आणि पाकिटात घातला.

दादा बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. एवढा वेळ उभं राहून त्याचे पाय भरून आले असणार. ताई आली तसा तो सरळ झाला.

"गवईचं झालं ना नक्की?"

"झालं."

"सगळे देणार?"

"सगळे देणार."

त्याने मान डोलावली. मग इकडे तिकडे बघून आवाज उतरवला.

"आत इतका वेळ काय चाललं होतं? तू काही बोलली नाहीस ना?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. दाढीचे खुंट वाढले होते, डोळे जागरणाने लाल झाले होते, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा निवांत दिसत होता.

"नाही," ती म्हणाली.

"शहाणी आहेस," दादा म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हात टेकून सावकाश जिना उतरू लागला.